देणं मिस्त्रींचं

श्रीवर्धनच्या बाजारापासून थोडं आत माझं यंत्रदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गवत कापायची मशीनं, झाडं कापायचे चेनसॉ, सुतारांचे इलेक्ट्रिक रंधे आणि कटर, पत्रेवाल्यांचे ग्राइंडर असं सगळं इथं येतं. बरीचशी मशीनं ‘इंजिन दमलंय’ किंवा ‘मोटर गेली’ या तक्रारीने येतात. उघडून बघावं तर इंजिन धडधाकट असतं, मोटरलाही काही झालेलं नसतं. संपलेलं असतं ते पातं. हे ओळखण्यावर आज माझं घर चालतं. ही ओळख ज्यांनी दिली ते मशीनवाले नव्हते, होड्यांचं काम करणारे सुतार होते. आपलं नाव कुठे छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून इथं त्यांना मिस्त्रीच म्हणतो. गावात तरी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कोण हाक मारतं?

मला या कामातलं काही येत नव्हतं. मुंबईत एका कचेरीत मी टेबलावरचं काम करायचो. २०२० च्या टाळेबंदीत ते गेलं आणि मी गावी आलो. वडिलांची सुपारीची वाडी होती. लहानपणी पाटाच्या पाण्यात खेळण्यापलीकडे त्या वाडीशी माझा संबंध नव्हता. इकडची वाडी म्हणजे एकमेकांच्या आधाराने वाढलेली झाडं असतात. वर नारळ, त्याखाली सुपारी, तिच्या सावलीत जायफळ, खोडावर चढलेली मिरी, मध्ये केळी. श्रीवर्धनी रोठा म्हणून जी सुपारी बाजारात नाव राखून आहे, ती अशाच वाड्यांतून येते. सुपारीचं रोप लावलं की पीक हाती यायला पाच-सात वर्षं जातात आणि भर यायला त्याहून जास्त. म्हणजे आज लावणाऱ्याला बरेचदा आपल्या मुलांचा विचार करूनच लावावं लागतं.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनच्या या पट्ट्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. काही तासांत वाड्या झोपल्या. काही झाडं मुळासकट उपटली, काही कमरेत मोडली, आणि ती सगळी एकमेकांवर, विहिरींवर, घरांच्या कौलांवर पडली. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत चालत जाता येत नव्हतं. वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही. वडील ओट्यावर बसून होते. त्यांना काय बोलावं हे मला कळत नव्हतं, म्हणून मी काम हातात घेतलं, एवढंच.

माणगावच्या मावसभावाने पेट्रोलवर चालणारा चेनसॉ पाठवला. मशीन घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याने चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, तेल कुठे ओतायचं ते दाखवलं आणि तो गेला. सुरुवातीला मशीन चांगलं चाललं. मग हळूहळू ते लाकडात शिरेना. मी जोर लावू लागलो. अंगाचा भार टाकून, गुडघ्याने रेटून कापू लागलो. धूर यायला लागला. खोडातला काप सरळ जायचा सोडून एका अंगाला वळायला लागला. मला वाटलं, इंजिन कमजोर झालं. प्लग काढून पुसला, हवेची जाळी धुतली, पेट्रोलमधलं तेल कमी-जास्त करून पाहिलं, साखळी आणखी ताणली. फरक पडला नाही. संध्याकाळी हात इतके थरथरायचे की पाण्याचा तांब्या धरवत नसे.

मिस्त्री त्या दिवसांत पडलेल्या वाड्यांतून हिंडत होते. होडीच्या आतल्या बाजूला जे वाकडे आधार बसवतात, त्यांना मूळचाच बाक असलेलं लाकूड लागतं. सरळ लाकूड कापून तो बाक आणला तर ते रेषांच्या आडवं कापलं जातं आणि समुद्रात टिकत नाही. वादळात फणस, आंबे पडले होते, त्यांच्या फांद्यांतून असे बाक ते शोधत होते. कुणाच्या वाडीतून काय न्यायचं ते आधी मालकाला विचारायचे, खुणेचा खडू लावायचे आणि मगच पुढे जायचे. त्यांच्या स्वतःच्या घरावरचे पत्रेही उडाले होते.

मी रेटत होतो ते त्यांनी पाहिलं आणि हाताने थांब म्हणून खूण केली. मशीनकडे न बघता ते खाली वाकले. खोडाखालचा भुसा मुठीत घेतला, बोटांनी चोळला, माझ्या तळहातावर ठेवला.

“मशीन नाय दमलं. दात दमलेत. हे कापणं नाय, घासणं आहे.”

तो भुसा नव्हताच, बारीक पूड होती. दात कापत असला की लाकडाचा जाडा चुरा पडतो, दात बोथटला की पूड पडते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला सकाळचा चुरा आठवला. सगळं माझ्या पायाशीच पडत होतं, पण मी तिकडे पाहत नव्हतो. नंतर त्यांनी मशीन बंद करून साखळी उन्हाकडे धरायला लावली आणि दाताच्या टोकाला काय दिसतं ते विचारलं. मला एक बारीक पांढरी चकाकती रेघ दिसली. मला वाटलं तीच धार. ते म्हणाले, “धार दिसत नाय. दिसते ती गेलेली धार.” धारदार कडेवर उजेड थांबायला जागाच नसते. कड झिजून गोल झाली की तिथं उजेड थांबतो आणि पांढरी रेघ दिसते. हे ते हातकरवतीवर शिकले होते. आज दुकानात भिंग आहे, चांगला दिवा आहे, तरी पातं हातात आलं की मी पहिल्यांदा ती रेघच शोधतो.

मग दात का गेले ते त्यांनी दाखवलं. आमच्या वाडीची जमीन रेताड. खोड जमिनीवर पडलेलं असताना मी ते आरपार कापत होतो, आणि प्रत्येक वेळी साखळी खाली रेतीत उतरत होती. लाकडात दिवसभर टिकणारी धार रेतीच्या एका स्पर्शात जाते. खोडाखाली ओंडका सारायचा, नाहीतर वरून निम्म्याहून जास्त कापून खोड फिरवून घ्यायचं, हे त्यांनी एकदाच सांगितलं. दुसरं कारण झाडांतच होतं. सुपारी आणि नारळ बाहेरून टणक, आत तंतूंचा भुसभुशीत गाभा. त्यातही नारळाच्या खोडात रेतीतलंच सिलिका मुरलेलं असतं, त्यामुळे ते आंब्या-फणसापेक्षा किती तरी लवकर दात खातं. तिसरं कारण माणसांचं. घराजवळच्या आंब्या-फणसात कुणी झोक्यासाठी, कुणी वायरीसाठी, कुणी कपड्यांच्या दोरीसाठी खिळे मारलेले असतात. झाड वाढतं, खिळा आत जातो. मिस्त्री कापायच्या जागी आधी खोडाभोवती हात फिरवायचे. साल जिथं फुगलेली लागेल तिथून वीतभर सरकून कापायला सांगायचे.

साखळीची करवत त्यांनी तोपर्यंत कधी चालवली नव्हती. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण नंतर मी बघत राहिलो ती त्यांची नवी वस्तू समजून घेण्याची पद्धत. ते साखळी मांडीवर घेऊन बराच वेळ नुसते बसले. एक दात डावा, एक उजवा, हे त्यांच्या ओळखीचं होतं. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा होता, त्यावर बोट ठेवून ते थांबले. मग म्हणाले, दात किती खोल खाणार ते हा ठरवतो. दात घासून बुटका झाला आणि हा तसाच राहिला, तर धार असूनही दात लाकडाला पोचणार नाही. पुढे पुस्तिकेत मी वाचलं, की दाताचं टोक आणि तो उंचवटा यांत साधारण ०.६५ मिलिमीटरचं अंतर ठेवायचं असतं. मिस्त्रींनी ते पाहून ओळखलं होतं.

मशीनच्या डब्यात एक गोल कानस होती. तिने त्यांनी मला धार लावायला बसवलं. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने न्यायची, परत आणताना उचलायची. दाताच्या वरच्या कडेचा तिरकसपणा मोडायचा नाही. प्रत्येक दाताला सारखेच हात. आधी सगळ्यांत आखूड दात शोधायचा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले की काप वळतो. माझा काप का वळत होता, ते मला असं कळलं. मी घाई केली की ते काही बोलत नसत, फक्त माझ्या हातातून कानस काढून घेत, तो दात पुन्हा नीट करत आणि कानस परत देत. रागावले असते तर मी कदाचित विसरलो असतो.

पुढच्या कापात जाडा चुरा उडाला. मशीन आपल्या वजनानेच खाली उतरत होतं, मला फक्त धरायचं होतं. मी हातकामात हुशार नाही अशी समजूत लहानपणापासून माझ्या मनात बसली होती. त्या दुपारी ती थोडी सैल झाली. हे मी मिस्त्रींना कधी सांगितलं नाही. इथं सांगतो.

पावसाने जोर धरला तरी कापणं चालूच होतं. आमची वाडी, मग शेजारची, मग आणखी कुणाची. नवी साखळी मिळत नव्हती. रस्ते, दुकानं, सगळंच अडलेलं. म्हणून तीच साखळी पुन्हा पुन्हा घासत होतो आणि मला वाटायला लागलं होतं की कानस आहे तोवर साखळी आहे. एका सकाळी मिस्त्रींनी दात पाहिले आणि साखळी काढून ठेवायला सांगितली. बऱ्याच साखळ्यांच्या दातावर मागच्या बाजूला एक तिरकी खूण असते. दात झिजत तिथवर आला की साखळी संपली. धार लागते, पण दातात लोखंडच उरलेलं नसतं. असा दात तुटून उडू शकतो, साखळी तुटून अंगावर येऊ शकते. माझी धार उत्तम लागलेली होती आणि रस्त्याकडेची थोडीच खोडं उरली होती. मी म्हटलं, एवढी उरकतो. ते म्हणाले, “धार लावायची वेळ निराळी आणि टाकायची वेळ निराळी. दोन्ही एकच समजू नको.”

हे सांगणारा माणूस जुन्या होडीतून काढलेले खिळे एकेक करून सरळ करणारा होता. दोरीचा तुकडा, रंगाचा रिकामा डबा, काहीही टाकत नसे. आमच्याकडे वस्तू टाकायची नाही हा संस्कारच आहे, आणि तो चांगला आहे. पण काटकसर कुठे थांबते याची त्यांना स्वच्छ जाण होती. वस्तू वाचवताना माणूस पणाला लागत असेल तिथं ते क्षणभर रेंगाळत नसत. ती उरलेली खोडं आम्ही दोघांनी दोन बाजूंना धरून मोठ्या करवतीने कापली. नवी साखळी आली तेव्हा ती चढवण्याआधी त्यांनी मला मशीनमधली चक्रीही तपासायला लावली. जुन्या साखळीने तिच्यात खाचा पाडल्या होत्या, आणि खाचा पडलेली चक्री नव्या साखळीला लवकर म्हातारी करते. दोन साखळ्या संपल्या की चक्री बदलावी, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद असते, आणि वादळाच्या वेळी बऱ्याच होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होत्या. तरी नुकसान व्हायचं ते झालं. नारळी पौर्णिमेनंतर दुरुस्तीचं काम खूप होतं, आणि मिस्त्रींनी मला मदतीला बोलावलं. मला काही येत नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, बघता येतंय ना?

त्यांच्या मांडवात गोल पात्याचा कटर होता. इथं मला नवं काही शिकायला मिळालं, ते म्हणजे पातं टाकण्यात घाई करायची नाही. एकदा कटर अडायला लागला, कापलेल्या फळीच्या कडेवर तपकिरी जळके डाग आले, लाकूड करपल्याचा वास सुटला. ही बोथटलेल्या पात्याची लक्षणं मला आता पाठ होती. मी लगेच नवं पातं आणायला निघालो. त्यांनी जुनं पातं काढून रॉकेलच्या फडक्याने पुसायला लावलं. दातांच्या मागे लाकडाचा चीक आणि डिंक साचून कडक झाला होता. तो निघाल्यावर खालचे दात शाबूत निघाले. पातं परत बसवलं आणि काप स्वच्छ आला. पुसल्याशिवाय पात्याचा निकाल द्यायचा नाही, हा धडा तिथला. नंतर दुकानात आलेली किती तरी पाती मी नुसती साफ करून परत दिली आहेत. त्यातून मिळणारा पैसा कमी, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी माझ्या शब्दावर पातं टाकायला तयार होतं.

साफ करूनही भागणार नाही अशी लक्षणं त्यांनी वेगळी दाखवली. हल्ली लाकडी होड्यांवर फायबरचा थर देतात. त्यात काच असते, आणि काच पात्याला लाकडापेक्षा फार लवकर झिजवते. जुन्या फळीत मोडून राहिलेला खिळा असतो. कटरच्या पात्याच्या प्रत्येक दाताला टोकाशी कार्बाइडचा कडक तुकडा डकवलेला असतो. तो झिजतो कमी, पण खिळ्यावर आपटला की टवका उडतो. एक तुकडा उडाला की त्याच्या मागच्या दातावर दुप्पट भार येतो, मग तोही जातो. असं पातं चालत असतं, कापतही असतं, फक्त आवाज बदलतो. मिस्त्री पाठमोरे असले तरी तो आवाज ओळखून हात वर करायचे. रंध्याचं तर आणखी सोपं. रंधलेल्या फळीवरून हात फिरवला आणि एक बारीक उभी रेघ सलग लागली, की पात्यावर त्या जागी खाच पडली आहे. रंध्याची दोन्ही पाती मग एकदम बदलायची, एकच बदलली तर तोल जातो.

मी दुकान टाकायचं ठरवलं ते आणखी एका प्रसंगामुळे. गावातला एक मुलगा भाताच्या बांधावरचं गवत कापायचं मशीन घेऊन आला होता. पातं जांभ्या दगडावर आपटलं होतं. वाकलं नव्हतं, दातही होते. फक्त धार लावून द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मिस्त्रींनी पातं मशीनवरून काढलं, मधल्या भोकात बोट घालून लोंबतं धरलं आणि पान्याने हलकं ठोकलं. आवाज बसका आला. मग त्यांनी रॉकेलमध्ये भिजवून पुसलं, त्यावर खडू चोळला, आणि दाताच्या मुळापासून मध्याकडे गेलेली केसाएवढी चीर उमटली. मिनिटाला हजारो फेरे घेणारं ते पातं तसंच फिरलं असतं तर त्याचा तुकडा त्या मुलाच्या पायात किंवा पलीकडे उभ्या असलेल्या कुणाच्या अंगात गेला असता. मुलगा म्हणाला, वेल्डिंग करून घेतो. चिरलेल्या पात्याला वेल्डिंग चालत नाही, तापवल्याने आजूबाजूचं पोलाद ठिसूळ होतं. मिस्त्रींनी पातं निहाईवर ठेवलं आणि घणाने त्याचे दोन तुकडे केले. भंगारातून उचलून ते दुसऱ्या कुणी लावू नये म्हणून. मग स्वतःच्या पैशाने त्याला नवं आणून दिलं.

त्या दिवशी मला वाटलं की हे काम कुणीतरी रोज, दुकान उघडून केलं पाहिजे.

दुकान सुरू झाल्यावर मला माझं असंही काही कळत गेलं, पण त्याच्या मुळाशी त्यांचीच नजर आहे. ग्राइंडरच्या कापायच्या चकत्यांचंच घ्या. वादळानंतर पत्रे बसवायला या चकत्या घरोघरी आल्या आणि कोपऱ्यात पडून राहिल्या. चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. चकती बनल्यापासून साधारण तीन वर्षांनी ती मुदत संपते, न वापरता ठेवली तरी. चकतीतले कण ज्या राळेने धरलेले असतात तिला दमट हवा मानवत नाही, आणि आमच्याकडची पावसाळी हवा तर भिंतींनाही सोडत नाही. चकती दिसायला नवी असते. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी कडीवरची तारीख वाचायला सांगतो. वयस्कर माणसांना मी वाचून दाखवतो. ती दोन मिनिटं मला कधी वाया गेली असं वाटत नाही.

मेच्या शेवटी पावसाआधी दुकानात गर्दी होते. सगळ्यांना घाई असते, आणि पातं बदला म्हटलं की चेहरे उतरतात. पैशाची ओढ मला माहीत आहे, म्हणून मी मिस्त्रींसारखंच करतो. सांगण्याऐवजी दाखवतो. पांढरी रेघ दाखवतो, चीर दाखवतो, तिरकी खूण दाखवतो. ज्याला अजून एक धार आहे त्याला धारच लावून देतो. चिरलेलं पातं मात्र परत देत नाही, त्यावर कुणी रागावलं तरी.

आमच्या वाडीत नवी सुपारी लागली आहे. वडिलांनी पहिली रोपं लावली तेव्हा खड्ड्यांची आखणी करून द्यायला मिस्त्री आले होते, तेही न बोलावता.

दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव घालायची माझी फार इच्छा होती. पाटी रंगवायला टाकण्याआधी विचारायला गेलो. ते नाही म्हणाले. नावाने काय होणार, त्यापेक्षा मापाच्या कानशी ठेव, म्हणाले. इथं लोक हाताला येईल ती कानस साखळीला घासतात आणि चांगले दात बिघडवतात. ४, ४.८ आणि ५.५ मिलिमीटर, अशा तीन मापांच्या गोल कानशी तेव्हापासून दुकानात कायम असतात. कुठली कुणाच्या साखळीला लागते ते मी साखळी बघून सांगतो, आणि कानस विकत घेणाऱ्याला तिथंच बसवून पहिले दोन दात घासायला लावतो.